माथ्यावरची लव्हाळी: अभ्यासाआधी चार शब्द

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की दुष्काळ, ऊस आणि साखर कारखाने आठवतात. पश्चिमेच्या अकोले तालुक्यात मात्र पावसाने चिंब होणारा सह्याद्री आहे. राज्यातले सर्वोच्च, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर इथलेच. प्रवरा रतनगडावर उगम पावते, तर मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. या डोंगरमाथ्यांच्या कातळावर, बोटभर मातीत, पावसाळ्यापुरती एक सृष्टी उभी राहते. रंगीत फुलांना तिथे चाहते पुष्कळ आहेत. लव्हाळ्यांकडेही वाचकांनी वळावे, एवढीच या लेखनाची इच्छा आहे.

ही नागरमोथ्याच्या कुळातली झाडे गवतासारखी दिसली, तरी गवत नव्हेत. दांडा बोटांत फिरवून पाहा: पुष्कळांचा तिधारी आणि भरीव लागेल. पाने सहसा तीन रांगांत निघतात. फुलांना दिखाऊ पाकळ्या नसतात, म्हणून जातीची ओळख बहुधा पिकलेल्या इवल्या फळावरून, भिंगाखाली पटते. वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’साठी सी. बी. क्लार्क यांनी हे कूळ चिकाटीने मांडले. त्या परंपरेला आपल्या डोंगरांवर अजून पुष्कळ काम आहे.

नव्या अभ्यासकाने एक भेद सुरुवातीलाच मनात पक्का करावा: दुर्मीळ असणे वेगळे, धोक्यात असणे वेगळे. माथ्यावरचे कातळ मुळातच विखुरलेले असतात, त्यामुळे काही जाती निसर्गतःच थोड्या जागी सापडतात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या निकषांतही व्यापलेले क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी आहे, एवढ्यावरून वनस्पती ‘संकटग्रस्त’ ठरत नाही. अधिवासाचे तुकडे किंवा मोजकीच ठिकाणे, सततची घट आणि टोकाचे चढउतार यांपैकी किमान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. घट दाखवायची तर त्याच जागी वर्षानुवर्षे जाऊन नोंदी ठेवायला हव्यात.

धोके मात्र डोळ्यांना दिसतात. पावसाळ्याच्या अखेरीस पठारे फुलतात आणि पर्यटकांची रीघ लागते; अनेक लव्हाळ्यांचे बी पिकण्याचा काळही नेमका तोच. पायांखाली आणि तंबूंखाली पातळ माती दबते, मग पुढच्या पावसात वाहून जाते. उन्हाळ्यात वणवे लागतात. हवा तापत गेली, तर हिमालयातल्या वनस्पतींना वर सरकायला काही जागा असते. कळसूबाईच्या माथ्यावरून वर जायला जागाच नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे संरक्षण मोलाचे आहे, पण अभयारण्यातही बोटभर मातीची काळजी माणसांनाच घ्यावी लागते.

वाचकांनी नावांपासून नव्हे, जागेपासून सुरुवात करावी. पाणी कुठे साचते, माती किती खोल आहे, गुरे कुठून जातात, हे टिपावे. स्थानिक ठाकर आणि महादेव कोळी गुराख्यांना विचारावे. झाड उपटू नये, छायाचित्र घ्यावे, आणि फळ पिकेपर्यंत पुन्हा यावे. अशा नोंदी साठत गेल्या, तर कोणते लव्हाळे केवळ दुर्मीळ आहे आणि कोणते हातचे निसटते आहे, हे पुराव्यानिशी सांगता येईल. त्या कामात तुमचे मनापासून स्वागत आहे.