मशालवाल्या आया

आज आपण मणिपूरला जाऊया. ब्रह्मदेशाच्या सीमेवरून तिथं हेरॉइन येई. ‘नंबर फोर’ म्हणत त्याला. पोरं एकच सुई चौघांत फिरवत. १९८९ अखेर त्यांच्यात एचआयव्ही आढळला. सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी निम्म्यांना लागण झालेली दिसली.

दारूविरुद्ध रात्री मशाली घेऊन फिरणाऱ्या तिथल्या ‘मीरा पैबी’, म्हणजे मशालवाल्या बाया, नशेविरुद्धही उभ्या राहिल्या. पण धाकानं पोरं लपू लागली. लपलेल्यावर उपचार करणार कसे?

१९९६ मध्ये मणिपूरनं स्वतःचं एड्स धोरण आखलं. नशा सुटेपर्यंत निदान सुई तरी स्वच्छ असावी, हा विचार त्यात होता. पुढं २००७ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आली. तिनं तलफ आवरते, सुई सुटते, एचआयव्हीची औषधंही नेमानं घेता येतात. २०१७ च्या कायद्यानं अशा कामाला संरक्षण दिलं.

आम्हीही पूर्वी म्हणायचो, ‘कोंडून ठेवा, सुधारेल.’ आता म्हणत नाही. घरात कुणी सुईनं नशा करत असेल, तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात त्याच्यासोबत जा. तपासणी मोफत होते. त्याला एकट्याला धाडू नका.