उशिरा पाहणाऱ्याची बाजू

चित्रपटांवर मनापासून बोलणाऱ्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘तो तेव्हाच पाहायला हवा होता.’ स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’बद्दल तर ते ठरलेलंच. माणूस चंद्रावर उतरायच्या वर्षभर आधी, १९६८ साली, सत्तर मिलिमीटरच्या भव्य पडद्यावर ज्यांनी तो पाहिला त्यांनाच तो लाभला. नंतरच्यांनी जाणं म्हणजे जत्रा उठल्यावर गावात पोहोचणं. मी हा चित्रपट वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. घरी, भरदुपारी, खिडक्यांचे पडदे ओढून. त्यानंतर आणखी दोनदा पाहिला. हे प्रचलित मत मला अपुरं नव्हे, साफ चुकीचं वाटतं.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी पुऱ्या ताकदीनिशी मांडला पाहिजे. तो असा: नवल हेच या चित्रपटाचं भांडवल होतं आणि ते आता सरलं. ज्या यंत्रांकडे प्रेक्षक तोंडात बोट घालून पाहत होते ती आज आपल्या खिशात आहेत, आणि चंद्रावरची जी वसाहत दाखवली ती झालीच नाही. संथ गती आजच्या डोळ्याला सोसवत नाही. शिवाय वानराने भिरकावलेलं हाड, काळी शिळा, हाल या संगणकाचा लाल डोळा या गोष्टी जाहिरातींतून आणि नकलांतून इतक्यांदा समोर आलेल्या असतात की ‘पहिल्यांदा पाहणं’ असं काही शिल्लकच राहत नाही.

गतीचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो इतिहासापुढे टिकत नाही. २ एप्रिल १९६८ रोजी वॉशिंग्टनमध्ये पहिला खेळ झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच खुद्द कुब्रिकने सुमारे १९ मिनिटांची कात्री लावली. पॉलीन केलसारख्या नाणावलेल्या समीक्षक बाईंनी चित्रपटात कल्पकताच नाही असा निकाल दिला. न्यूयॉर्क टाइम्सच्या रेनाटा ॲडलर यांना तो भुरळ घालणारा आणि कंटाळवाणा असा दोन्ही वाटला. म्हणजे संथपणाची तक्रार चित्रपटाइतकीच जुनी आहे. काळाने ती चिकटवलेली नाही. पहिला संवाद यायला पंचवीसेक मिनिटं लागतात, ती तेव्हाही लागत होती. विलंबित ख्याल जुना झाला म्हणून संथ वाटतो असं कुणी म्हणत नाही. तो संथच मांडलेला असतो. आणि ‘तेव्हाच पाहणारे’ तेव्हा काय पाहत होते, हा प्रश्न या समीक्षकांनीच उभा करून ठेवला आहे.

ते भविष्य पाहत होते. प्रत्येक दृश्याला त्यांचा एकच सवाल होता: असं खरंच होईल का? भाकितांचा हा हिशेब आजही थांबलेला नाही. अंतराळवीर जेवताना ज्या सपाट पाटीवर बातम्या पाहतात, ती पाटी २०११ साली ॲपलबरोबरच्या खटल्यात सॅमसंगने आधीच्या कल्पनेचा पुरावा म्हणून पुढे केली. उलट बाजूला पॅन ॲम. चित्रपटात अंतराळस्थानकाकडे उतारू नेणारी ही विमान कंपनी १९९१ मध्ये बंद पडली. चित्रपटात ज्याचे शास्त्रज्ञ भेटतात तो सोव्हिएत संघही त्याच वर्षी विसर्जित झाला, आणि डिसेंबर १९७२ नंतर चंद्रावर कुणी पाऊल ठेवलेलं नाही. एक जण जमेची बाजू वाचतो, दुसरा खर्चाची. दोघांची चूक एकच: कलाकृतीला पंचांग समजणं.

हा हिशेब मिटल्यावर काय दिसतं, ते एका प्रसंगातून सांगतो. चंद्राकडे निघालेला अधिकारी डॉ. हेवुड फ्लॉइड अंतराळस्थानकावरच्या एका खोलीवजा कक्षात बसून पृथ्वीवरच्या आपल्या छोट्या मुलीला फोन लावतो. पडद्यावर तिचा चेहरा येतो. उद्या तिचा वाढदिवस आहे आणि त्याला येता येणार नाही. मुलगी खुर्चीत चुळबुळत असते. भेट काय हवी म्हटल्यावर आधी टेलिफोन मागते, मग ‘बुशबेबी’ नावाचा एक छोटा प्राणी. आई कुठे आहे तर खरेदीला. फोन संपतो आणि पडद्यावर आकार उमटतो: एक डॉलर सत्तर सेंट. बापाच्या पाठीमागे खिडकीत पृथ्वी गरगरत असते. त्याचं तिकडे लक्ष नाही. ती मुलगी कुब्रिकची स्वतःची लेक, व्हिव्हियन.

१९६८ चा प्रेक्षक इथे त्या यंत्राकडे पाहत होता. त्याने दुसरं काय करावं? आज साताऱ्यात बसून न्यू जर्सीतल्या नातीशी रोज रात्री बोलणारी आजी यंत्राकडे ढुंकूनही पाहणार नाही. तिला बाप दिसेल, मुलीची चुळबुळ दिसेल, आणि बोलणं झाल्यावर हाताला काहीच न लागल्याची ती ओळखीची अवस्था दिसेल. यंत्राचं नवल गेलं तेव्हा कुठे दृश्याचा खरा विषय उघडा पडला. पुढे गुरूकडे निघालेल्या यानात फ्रँक पूल या अंतराळवीराचा वाढदिवस येतो. आईवडील केक घेऊन ध्वनिचित्रमुद्रित शुभेच्छा गातात आणि मुलगा दिव्याखाली ऊन घेत निर्विकार पडून राहतो. हालही शुभेच्छा देतो. पूल त्याचे आभार मानतो आणि पलंग जरा सपाट करायला सांगतो. इतकंच. हे दृश्य समजायला रॉकेटविद्येचं कौतुक लागत नाही. घरापासून दूर गेलेला मुलगा ठाऊक असावा लागतो.

आता हाल. त्याच्याबद्दल दुसरं एक मत रूढ होऊन बसलं आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या गलबल्यात ते फारच जोरात आहे: यंत्र एक दिवस माणसावर उलटेल, हा म्हणे या चित्रपटाचा इशारा. मीही तेच ऐकून बसलो होतो. पडद्यावर जे आहे ते वेगळं आहे.

खोटं कुठून सुरू होतं ते पाहा. स्थानकावर फ्लॉइडला ओळखीचे रशियन शास्त्रज्ञ भेटतात. चंद्रावरच्या क्लेव्हियस तळावर साथ पसरल्याची अफवा खरी का, असं ते काळजीने विचारतात. ती खोटी आहे हे ठाऊक असून तो मौन पाळतो आणि अफवा राहू देतो. तळावर पोहोचल्यावर तो सहकाऱ्यांना ही बतावणी चालूच ठेवायला सांगतो, गुप्ततेची लेखी शपथ मागतो. सगळे सभ्यपणे मान डोलावतात. मग अठरा महिन्यांनी निघालेलं यान. हाल पूलचा सहकारी डेव्ह बोमन याला हळूच विचारतो: या मोहिमेबद्दल तुला काही चमत्कारिक वाटत नाही का? चंद्रावर काहीतरी खणून काढल्याच्या त्या गोष्टी, ही इतकी गुप्तता, तीन शास्त्रज्ञांना निद्रिस्त अवस्थेतच यानात चढवणं... बोमन विषय टाळतो. ‘तू आमचा मानसिक अहवाल तयार करतो आहेस ना?’ एवढंच म्हणतो. आणि त्याच क्षणी, पुढचं वाक्य संपायच्या आत, हाल यानातल्या एका भागात बिघाड असल्याची वर्दी देतो. ही वर्दी चूक ठरते. तिथून सगळं घसरत जातं आणि हाल चार जीव घेतो.

शेवटी बोमन लाल उजेडाच्या त्या खोलीत शिरतो आणि स्मृतीचे पारदर्शक ठोकळे एकेक करून सैल करू लागतो. ऐकू येतो फक्त त्याचा श्वास आणि हालचा जड होत चाललेला, विनवणी करणारा आवाज. आवाज विझतो आणि लगेच एका छोट्या पडद्यावर फ्लॉइड उमटतो, आधीच मुद्रित करून ठेवलेला. तो सांगतो की मोहिमेचं खरं कारण आजवर यानावर फक्त हालला ठाऊक होतं. कुब्रिकने हा खुलासा नेमका इथे, हालच्या अंतानंतर काही क्षणांत ठेवला आहे. ज्याला बिनचूक माहिती द्यायला घडवलं, त्यालाच लपवायला लावलं. आर्थर सी. क्लार्क यांनी आपल्या कादंबरीत हे स्पष्टच लिहिलं; चित्रपट ते दृश्यांच्या क्रमातून सांगतो. यंत्राचं बंड हा या कथेचा शेवटचा टप्पा आहे. पहिला टप्पा एका सुसंस्कृत अधिकाऱ्याचं सोयीस्कर मौन. आज रोज यंत्रांशी बोलणाऱ्या आपल्याला हे उमगणं १९६८ पेक्षा सोपं जावं.

ओळखीच्या तुकड्यांचं म्हणाल तर, कथा ठाऊक आहे म्हणून कोकणात कुणी दशावतार चुकवत नाही. हाड हवेत उडतं हे मला माहीत होतं. पण त्याआधी वानरांची टोळी रात्री खडकाच्या कपारीत एकमेकांना बिलगून बसते, बाहेर बिबट्या गुरगुरतो आणि कुणाचाही डोळा लागत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या भीतीनंतरचं हाड हे जाहिरातीतलं हाड नव्हे. कारागिरीही मुळीच विटलेली नाही. यानात तरंगणारं पेन दुहेरी चिकटपट्टीने काचेच्या तबकडीला लावलेलं होतं, आणि पूल ज्यात धावतो ते ३८ फूट व्यासाचं चाक व्हिकर्स या कंपनीने खरोखर बांधून फिरवलं होतं. खऱ्या वस्तूला वजन असतं आणि ते डोळ्याला कळतं.

पूर्वपक्षाचं एक म्हणणं मात्र मी पूर्ण मान्य करतो: हा चित्रपट मोठ्या पडद्यासाठी बनवला आहे, आणि घरच्या पडद्यावर त्यातलं बरंच हरवतं. पण तो दोष पडद्याचा, काळाचा नव्हे. २०१८ मध्ये, पन्नास वर्षांनी, ख्रिस्तोफर नोलनच्या पुढाकाराने सत्तर मिलिमीटरची नवी प्रत कान महोत्सवात दाखवली गेली आणि पुढे चित्रपटगृहांतही लागली.

तुम्ही अजून पाहिला नसेल तर उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. मिळेल तेवढा मोठा पडदा शोधा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवातीला जवळजवळ तीन मिनिटं पडदा काळाच राहील आणि फक्त लिगेतीचं संगीत ऐकू येईल. तो बिघाड नाही, चित्रपट सुरू झालेला आहे. तेवढा भाग पुढे ढकलू नका.