मुळशी सत्याग्रह : बिनधुराच्या विजेची किंमत

१/ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत. कोळसा दूरवरून आणावा लागे आणि धूर गिरणगावावर पसरे. जमशेटजी टाटांना यावरचा उपाय सह्याद्रीत दिसला. घाटमाथ्यावरचा पाऊस अडवायचा, ते पाणी नळांतून कोकणात उतरवायचे आणि त्या वेगावर वीज निर्माण करायची.

२/ जमशेटजी १९०४ साली निवर्तले. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. पुढची योजना मुळशीची होती. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे आणि घाटाखाली भिरा येथे वीजकेंद्र उभारायचे, असा तो बेत होता.

३/ परंतु ते खोरे ओसाड नव्हते. तेथे मावळ्यांची भातखाचरे होती, पिढ्यान्‌पिढ्यांची गावे होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार सरकार खासगी कंपनीसाठीही जमीन सक्तीने घेऊ शके. मालकाची संमती त्यात आवश्यक नव्हती.

४/ १६ एप्रिल १९२१, रामनवमी. शेतकऱ्यांनी धरणाच्या जागी ठाण मांडून काम थांबवले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे या लढ्याचे अग्रणी. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली.

५/ लढ्याला आतूनही तडा होता. अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. सावकाराला भरपाईची रक्कम पुरेशी होती. कसणाऱ्याला मात्र जमीनच हवी होती. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा कसणाऱ्याची होती.

६/ १९२४ अखेर बापटांनी प्रकल्पाची रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रह ओसरला, धरण पूर्ण झाले आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज मुंबईकडे निघाली.

७/ ही वीज स्वच्छ होती, यात शंका नाही. तिने कोळशाची जागा घेतली, गिरण्यांना बळ दिले. मात्र तिचा लाभ मुंबईला झाला आणि तिची किंमत मावळाने मोजली. आज सौर आणि पवन प्रकल्पांसाठी जमीन लागते, तेव्हा हाच हिशेब पुन्हा समोर येतो.

८/ १८९४ चा कायदा अखेर २०१३ च्या कायद्याने रद्द झाला. खासगी कंपनीसाठी जमीन संपादन करायची असल्यास ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती त्यात आवश्यक ठरली. मुळशीच्या शेतकऱ्यांना १९२१ साली ती कुणी विचारलीच नव्हती.