चव्हाट्यावरची नोकिया

एके काळी महाराष्ट्रातल्या कुठल्याही एसटी स्टँडजवळच्या टपरीवर चार्जर मागितला की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "बारीक पिन की जाड पिन?" कंपनीचं नाव विचारायची गरज नव्हती. दोन्ही पिना नोकियाच्याच. जुन्या फोनची जाड, नव्याची बारीक. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तोही नोकियाच्या फोनवरून. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० ला वर टॉर्च होती आणि धूळ आत जाऊ न देणारी बटणं होती. वीज कधीही जाणाऱ्या आणि धुळीने भरलेल्या देशाचा नीट विचार करून घडवलेला तो फोन जगभरात २५ कोटींच्या आसपास खपला.

तीच नोकिया फेब्रुवारी २०११ मध्ये एका चव्हाट्यावर उभी होती. स्मार्टफोनसाठी चार वाटा समोर होत्या. जुनी आणि ओळखीची सिंबियन. इंटेलबरोबर नव्याने घडत असलेली मीगो. गुगलची अँड्रॉइड. आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन. ऑपरेटिंग सिस्टीम निवडण्याचा प्रश्न आज ग्राहकाला दुकानात पाच मिनिटांत सोडवावा लागतो. नोकियाला तो सव्वा लाखाच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या वतीने सोडवायचा होता.

या चारांपैकी सिंबियनचा जन्म लंडनचा. सायन नावाची ब्रिटिश कंपनी खिशात मावणारे छोटे संगणक बनवत असे आणि त्यांच्यासाठी तिने एपॉक नावाची प्रणाली लिहिली होती. जून १९९८ मध्ये नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला या फोनवाल्यांनी सायनशी भागीदारी करून सिंबियन ही कंपनी काढली. त्यामागे एक भीती होती. टेबलावरचे संगणक बनवणाऱ्या कंपन्या मायक्रोसॉफ्टच्या आश्रित होऊन बसल्या होत्या. फोनचंही तसंच होऊ नये, म्हणून एरवी एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवणारे हे लोक एका पंगतीला बसले.

सिंबियन आपल्या काळासाठी फार चांगली होती. तेव्हाच्या फोनमध्ये मेमरी अगदी तोकडी असे आणि बॅटरी लहान. थेंबथेंब वाचवत काम करायचं, फोन दिवसचे दिवस बंद पडू द्यायचा नाही, हे शिस्तीचं काम ती चोख करी. ९२१० कम्युनिकेटर आला, मग कॅमेऱ्याचा ७६५० आला, पुढे एन-सीरिजचे फोन आले. २००७ मध्ये जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनांपैकी गार्टनर या बाजार-संशोधन संस्थेच्या हिशेबाने ६३.५ टक्के सिंबियनवर चालत होते. फिनलंडसारख्या ५०-५५ लाख वस्तीच्या देशात नोकिया ही राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचा खांब झाली होती. २००० मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नात तिचा वाटा ४ टक्क्यांच्या घरात होता.

मात्र ज्या काटकसरीवर सिंबियन उभी होती, तीच पुढे अंगाशी आली. तिच्यासाठी ॲप लिहिणं हे जिकिरीचं काम होतं. साधी अक्षरांची ओळ हाताळायलाही प्रोग्रॅमरला खास नियम पाळावे लागत. शिवाय सिंबियन एक असली तरी तिची तोंडं अनेक होती : नोकियाची एस६०, सोनी एरिक्सनची यूआयक्यू, जपानमध्ये डोकोमोची तिसरीच. एकासाठी लिहिलेलं ॲप दुसऱ्यावर चालत नसे. नोकियाचे स्वतःचे फोनही इतके होते, की प्रत्येकासाठी थोडी वेगळी सिंबियन घडवावी लागे.

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवला. त्यात थ्रीजी नव्हतं, त्याचा कॅमेरा नोकियाच्या एन९५ पुढे फिका होता आणि बाहेरचं ॲप टाकायची सोयही नव्हती. कागदावरच्या तुलनेत एन९५ सरस ठरत होता. खरी उलथापालथ झाली जुलै २००८ मध्ये, सुमारे ५०० ॲप्स घेऊन ॲप स्टोअर उघडलं तेव्हा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एचटीसीने बनवलेला पहिला अँड्रॉइड फोन अमेरिकेत विक्रीला आला. अँड्रॉइड ही २००३ मधली एक छोटी कंपनी. अँडी रुबिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेली आणि २००५ मध्ये गुगलने विकत घेतलेली. ती वापरायला परवाना शुल्क नव्हतं. सॅमसंगपासून मायक्रोमॅक्सपर्यंत कुणीही ती उचलून आपल्या फोनवर बसवू शकत होतं.

इथून पुढे फोनची लढाई फोनपुरती राहिली नाही. आठवडी बाजाराचं जसं असतं तसं झालं. गिऱ्हाईक जिथे येतं तिथे भाजीवाले, भांडीवाले, कापडवाले येतात; आणि ते सगळे येतात म्हणून गिऱ्हाईकही तिथेच येतं. आयफोन आणि अँड्रॉइडचे बाजार भरू लागले. २००९ मध्ये जगातल्या स्मार्टफोन विक्रीत अँड्रॉइडचा वाटा ३.९ टक्के होता. २०१० मध्ये तो २२.७ टक्क्यांवर गेला. सिंबियन त्या वर्षी ३७.६ टक्क्यांवर उतरली.

भारतातही पायाखालची वाळू सरकत होती. इथल्या माणसाला दोन सिमकार्डं हवी होती. एक कॉल स्वस्त पडणारं, दुसरं गावाकडे रेंज देणारं. ती सोय असलेले फोन आधी चिनी आणि मग मायक्रोमॅक्ससारख्या देशी कंपन्यांनी आणले. टॉर्च देताना ज्या कंपनीने भारतीय घरातला अंधार ओळखला होता, तिला दोन सिमचा फोन जाहीर करायला २०१० चा जून उजाडला.

नोकियातल्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. लिनक्सवर आधारलेल्या नव्या प्रणालीवर ते २००५ पासून काम करत होते. आधी तिचं नाव मेमो. फेब्रुवारी २०१० मध्ये इंटेलच्या प्रणालीशी तिचं लग्न लागलं आणि मीगो जन्मली. पण एकीकडे सिंबियनची डागडुजी, दुसरीकडे मीगोची उभारणी, असा दोन दगडांवर पाय होता आणि दोन्हीकडचे संघ कंपनीतल्या पैशांसाठी आणि माणसांसाठी आपसांत झगडत होते. टिमो वुओरी आणि क्वी हुई या अभ्यासकांनी पुढे नोकियाशी संबंधित ७६ जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतून निघालेलं चित्र मन विषण्ण करणारं आहे. वरिष्ठांना बाहेरच्या स्पर्धेची धास्ती होती, मधल्या फळीला वरिष्ठांची. उशीर होणार हे माहीत असूनही तो वर सांगायला कुणी धजत नव्हतं. उत्तम अभियंते असलेल्या घरात खरं बोलायची सोय उरली नव्हती.

सप्टेंबर २०१० मध्ये नोकियाने इतिहासात प्रथमच फिनलंडबाहेरचा प्रमुख नेमला. स्टीफन इलॉप कॅनडाचे, आले ते थेट मायक्रोसॉफ्टमधून. त्याच दिवसांत बाहेर पडलेले ज्येष्ठ अधिकारी आन्सी वान्योकी अँड्रॉइडच्या कट्टर विरोधात होते. फोनवाल्यांनी अँड्रॉइड घेणं म्हणजे कडाक्याच्या थंडीत ऊब मिळावी म्हणून पोराने चड्डीतच लघवी करणं, अशा अर्थाची त्यांची फिनलंडी उपमा तेव्हा गाजली. क्षणभर बरं वाटतं, मग आणखी गारठायला होतं.

फेब्रुवारी २०११ च्या सुरुवातीला इलॉप यांचं कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र फुटलं आणि नोकियाचं दुखणं खऱ्या अर्थाने चव्हाट्यावर आलं. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटाला आग लागली आहे आणि त्यावरच्या माणसाला जळून मरायचं की गोठवणाऱ्या पाण्यात उडी घ्यायची हे ठरवायचं आहे, असा त्यात दाखला होता. लढाई आता फोन विरुद्ध फोन अशी नाही, फोनभोवती उभ्या राहणाऱ्या सगळ्या व्यवस्थेची आहे, हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. या वेगाने गेलो तर २०११ संपेपर्यंत मीगोचा एकच फोन बाजारात असेल, अशी कबुलीही होती. निदान अचूक होतं.

११ फेब्रुवारीला लंडनमध्ये इलॉप आणि मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर शेजारी शेजारी उभे राहिले. नोकियाचे स्मार्टफोन यापुढे विंडोज फोनवर चालतील, असं त्यांनी जाहीर केलं. त्या दिवशी नोकियाचा शेअर १४ टक्क्यांच्या आसपास घसरला. फिनलंडमधल्या टाम्पेरेच्या कार्यालयातले कित्येक कर्मचारी काम सोडून दुपारीच घरी गेले. ज्या मायक्रोसॉफ्टच्या धास्तीने १९९८ मध्ये सिंबियन काढली, तिच्याच दाराशी १३ वर्षांनी येणं त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

निवडीमागचा हिशेब अविचारी नव्हता. अँड्रॉइडवर सॅमसंगसारखी एकच कंपनी वरचढ होईल आणि बाकीच्यांना चिल्लर नफ्यावर जगावं लागेल, असं इलॉप यांना वाटत होतं. आणि पुढे सॅमसंगच्या बाबतीत बरंचसं तसंच घडलं. गुगलकडे नोकिया ही अनेकांतली एक झाली असती. मायक्रोसॉफ्ट मात्र दर तिमाहीला २५ कोटी डॉलर देणार होती आणि ज्या नकाशांच्या कंपनीसाठी नोकियाने ८१० कोटी डॉलर मोजले होते, ते नकाशे विंडोज फोनचा कणा होणार होते. एका उत्पादकाच्या नजरेने पाहिलं तर हा सौदा फायद्याचा दिसत होता.

ग्राहक मात्र त्या नजरेने पाहत नव्हता. विंडोज फोनचा बाजार देखणा बांधला होता, ओटे स्वच्छ होते, पण त्यावर बसायला विक्रेते येईनात. इन्स्टाग्राम आयफोनवर २०१० मध्ये आलं, अँड्रॉइडवर एप्रिल २०१२ मध्ये, विंडोज फोनवर नोव्हेंबर २०१३ मध्ये. फेसबुकचं ॲप मायक्रोसॉफ्टला स्वतःच लिहावं लागलं. यूट्यूबच्या ॲपवरून गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात २०१३ मध्ये जाहीर खटके उडाले आणि गुगलने ते ॲप बंद पाडलं. त्यात २०१२ मध्ये विंडोज फोन ८ आली आणि ल्युमिया या नावाने निघालेल्या नोकियाच्या जुन्या विंडोज फोनांना ती मिळणार नाही असं कळलं. अवघ्या दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठ्या हौसेने ल्युमिया ९०० घेतलेला ग्राहक मागेच राहिला.

आणखी एक घाव नोकियाने स्वतःच घातला. नवा फोन हातात नसताना जुनी प्रणाली संपणार हे तिने जाहीर करून टाकलं. आणखी १५ कोटी सिंबियन फोन विकू, असा तिचा अंदाज होता. पण जी गाडी भंगारात जाणार असं मालकच सांगतोय, ती कोण विकत घेईल? पहिले ल्युमिया दुकानात यायला २०११ चा नोव्हेंबर लागला. मधल्या नऊ महिन्यांत दुकानदारांनी सॅमसंगचे फोन पुढे मांडले.

या सगळ्यात सर्वाधिक हळहळ वाटते ती एन९ बद्दल. जून २०११ मध्ये सिंगापुरात नोकियाने हा मीगोचा फोन दाखवला. समोर एकही बटण नाही, बोट कडेपासून सरकवलं की चालू काम बाजूला होतं. आज बहुतेक स्मार्टफोनवर सहज केली जाणारी ही हालचाल तिथे पूर्ण रूपात होती. तो अमेरिका, ब्रिटन, जर्मनी अशा मोठ्या बाजारांत विकलाच गेला नाही. त्याचंच अंग घेऊन, आत विंडोज घालून, काही महिन्यांनी ल्युमिया ८०० आला. एन९ घडवणाऱ्यांपैकी काही जणांनी योल्ला ही कंपनी काढून सेलफिश नावाने तो धागा पुढे चालवला.

सप्टेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा ५४४ कोटी युरोंना घेण्याचं जाहीर केलं. त्या वर्षी विंडोज फोनचा जगातला वाटा तीन-साडेतीन टक्क्यांच्या पुढे नव्हता. पुढच्या वर्षी कपातीची घोषणा झाली, त्यात नोकियातून आलेल्या सुमारे १२,५०० नोकऱ्या होत्या. जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या खरेदीपोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले आणि आणखी ७,८०० जणांना घरी पाठवलं. फिनलंडमधल्या सालो गावातला कारखाना तर २०१२ मध्येच बंद झाला होता.

त्याची झळ तमिळनाडूपर्यंत पोचली. चेन्नईजवळ श्रीपेरुम्बुदूरला २००६ मध्ये सुरू झालेला नोकियाचा कारखाना हा कंपनीच्या जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक होता. तिथल्या कामगारांत आसपासच्या खेड्यांतून कंपनीच्या बसने येणाऱ्या तरुण मुलींचा मोठा भरणा होता. बऱ्याच जणींच्या घरात महिन्याचा पगार आणणारी ती पहिलीच पिढी. प्राप्तिकर खात्याशी चाललेल्या वादामुळे हा कारखाना मायक्रोसॉफ्टच्या सौद्यातून वगळला गेला. वाद होता तो फोनमध्ये भरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी फिनलंडला पाठवलेल्या पैशांवरच्या कराचा. हजारो कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी तिथलं काम थांबलं. पंचविशीतल्या मुलामुलींच्या हाती निवृत्तीचे कागद होते. फिनलंडमधल्या एस्पूच्या मुख्यालयात कुठली प्रणाली निवडावी यावर चर्चा झाली, तेव्हा त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

नोकियाचं नाव स्मार्टफोनवर परत आलं ते २०१७ च्या जानेवारीत. एस्पूच्याच एचएमडी ग्लोबल या नव्या कंपनीने काढलेला नोकिया ६ अँड्रॉइडवर चालत होता. डिसेंबर २०१९ संपताना व्हॉट्सॲपनेही विंडोज फोनची साथ सोडली.

त्याआधी महिनाभर, नोव्हेंबर २०१९ मध्ये, श्रीपेरुम्बुदूरचा बंद कारखाना सॅलकॉम्प घेणार असल्याचं जाहीर झालं. सॅलकॉम्प मूळची सालोची, एके काळी नोकियासाठी बारीक पिनचे चार्जर बनवणारी. आता तिची मालकी चिनी आहे. पाच वर्षं कुलूप लागलेल्या त्या इमारतींत पुन्हा यंत्रं लावायची होती, ती आयफोनच्या चार्जरसाठी.