मार्जरी साइक्स : सेवाग्रामच्या क्वेकर शिक्षिका

कुलाबा जिल्ह्यास १९८१ सालीं रायगड हें नांव मिळालें. त्या जिल्ह्याच्या पेण तालुक्यांतील गागोदें हें लहानसें खेडें विनोबा भावे यांचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं तेथें जन्मलेल्या विनोबांनीं आपल्या आईची, रुक्मिणीबाईंची, भक्ति पुढें अनेक वेळां वर्णन करून सांगितली. तिला समजेल अशी मराठी गीता असावी, या जुन्या इच्छेंतूनच 'गीताई' जन्मास आली. विनोबांच्या आठवणी कालिंदीताईंनीं 'अहिंसा की तलाश' या नांवानें हिंदींत एकत्र केल्या आणि १९९४ सालीं त्या इंग्रजी वाचकांपुढें आल्या. गागोद्याच्या घरांतील ही कथा इंग्रजींत नेणाऱ्या बाई तेव्हां नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या, आणि धर्मानें त्या क्वेकर होत्या. त्यांचें नांव मार्जरी साइक्स. विनोबांवर भक्ति असणाऱ्या पुष्कळ घरांतही हें नांव अपरिचित आहे. तो अपरिचय कांहीं अंशीं दूर व्हावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्यांच्या धर्मपंथाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आमच्या किनाऱ्यावरील माणसास ख्रिस्ती धर्म म्हटला कीं रेवदंड्याच्या कोटांतील पोर्तुगीज प्रार्थनामंदिरांचे भग्नावशेष आठवतात, किंवा कोर्लईचें चर्च आणि तेथील लोकांची पोर्तुगीजमिश्रित बोली आठवते. क्वेकर पंथाचें स्वरूप याहून अगदीं निराळें आहे. सतराव्या शतकांत जॉर्ज फॉक्स या इंग्रज धर्मशोधकाच्या उपदेशांतून हें 'मित्रमंडळ' उदयास आलें. प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणांत ईश्वरी प्रकाशाचा अंश आहे, हें त्यांचें मूलतत्त्व. तेव्हां देव आणि माणूस यांच्यामध्यें पुरोहित कशाला? या पंथाच्या मूळच्या उपासनासभेंत वेदी नाहीं, मूर्ति नाहीं, ठराविक स्तोत्रपाठही नाहीं. सर्वजण स्तब्ध बसतात. कोणास आंतून प्रेरणा झाली तर तो उठून चार शब्द बोलतो आणि पुन्हां बसतो. हा अधिकार प्रारंभापासून स्त्रियांनाही होता. शपथ घ्यावयाची नाहीं, कारण खरें तर सदैवच बोलावयाचें; शस्त्र धरावयाचें नाहीं, कारण समोरच्यांतही तोच प्रकाश आहे. १६६० सालीं त्यांनीं इंग्लंडच्या राजापुढें युद्धत्यागाची प्रतिज्ञा जाहीर केली. पुढें युद्धपीडितांच्या सेवेबद्दल १९४७ सालचें नोबेल शांतता पारितोषिक त्यांच्या दोन सेवासंस्थांस मिळालें.

या पंथाच्या रेचेल मेटकाफ या बाई १८६६ सालीं काशीस आल्या आणि नंतर होशंगाबादेकडे त्यांनीं काम केलें. त्या काळच्या इतर मिशनांप्रमाणें या कामांतही शिक्षण, दुष्काळांतील अनाथांचें संगोपन आणि धर्मप्रसार हे तीन धागे एकत्र वळलेले होते. मिशनऱ्यांच्या शाळांचें ऋण महाराष्ट्र नाकारूं शकत नाहीं, आणि त्यांच्या धर्मांतराच्या हेतूविषयीं आपल्या समाजास वाटलेली साशंकताही निराधार म्हणतां येत नाहीं. मार्जरीबाईंचें वैशिष्ट्य असें कीं हा पेंच त्यांनीं आपल्या आयुष्यापुरता सोडविला. स्वतःच्या श्रद्धेंत तिळभर उणें न करतां त्यांनीं दुसऱ्याची श्रद्धा बदलण्याचा विचार सोडून दिला.

त्यांचा जन्म १९०५ सालीं इंग्लंडांत, यॉर्कशरच्या कोळशाच्या खाणींच्या मुलुखांत, मेक्सबरो या गांवीं झाला. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजांत त्यांनीं इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला. त्या काळीं केंब्रिज स्त्रियांची परीक्षा घेई, परंतु पूर्ण पदवी देत नसे. ती १९४८ पासून मिळूं लागली. १९२८ सालीं त्या मद्रासेस बेंटिंक मुलींच्या हायस्कुलांत शिक्षिका म्हणून आल्या आणि पुढें तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. तेथें त्या तामीळ शिकल्या, आणि मद्रासच्या वास्तव्यांतच क्वेकर मंडळाच्या सभासद झाल्या. १९३९ सालीं रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून त्या शांतिनिकेतनांत गेल्या, तेथें बंगाली आत्मसात केली, आणि 'मुक्तधारा', 'नटीर पूजा' व 'चंडालिका' हीं रवींद्रनाथांचीं नाटकें इंग्रजींत आणलीं. दीनबंधु अँड्रूज यांचें चरित्र त्यांनीं बनारसीदास चतुर्वेदी यांच्यासमवेत लिहिलें. तें १९४९ सालीं प्रसिद्ध झालें. स्वातंत्र्यानंतर त्यांनीं भारताचें नागरिकत्व घेतलें. राज्य गेल्यावर राज्यकर्त्यांच्या जातीची एक बाई येथें नागरिक म्हणून राहते, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

त्यांच्या आयुष्याचा महाराष्ट्राशीं निकटचा संबंध आला तो वर्ध्यापाशीं. गांधीजी १९३६ सालीं शेगांवीं राहावयास आले व त्या खेड्याचें नांव पुढें सेवाग्राम झालें. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें नई तालीमची योजना आंखली. सेवाग्रामास तें काम आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्यानें चालविलें होतें. मार्जरीबाईंनीं १९४९ पासून सुमारें दहा वर्षें तेथील शिक्षकांच्या प्रशिक्षणाची धुरा वाहिली.

नई तालीम म्हणजे शाळेंत एक तास टकळी फिरविणें, असा समज अद्यापि रूढ आहे. मूळ कल्पना त्याहून पुष्कळ खोल होती. कापूस पेरण्यापासून कापड विणण्यापर्यंतचें काम मुलानें करावयाचें, आणि त्या कामांतूनच गणित, भूगोल, इतिहास, विज्ञान यांचें ज्ञान मिळवावयाचें. स्वयंपाक, शेती, सफाई हीं सर्वांचीं कामें. आपल्या समाजांत हातकाम आणि जात यांची गांठ शतकानुशतकें घट्ट बसलेली असतां, ब्राह्मणाच्या मुलानें संडास साफ करावा व तोच त्याचा शरीरशास्त्राचा पाठ व्हावा, ही केवढी क्रांति! क्वेकर बाईंस ती परकी वाटली नाहीं, कारण पुरोहिताचा वेगळा वर्ग नसावा हें तत्त्व त्यांनीं आपल्या उपासनेंत आधींच मानलें होतें. सेवाग्रामची उघड्या आकाशाखालची सायंप्रार्थना, तींतील सर्व धर्मांचीं वचनें आणि कांहीं क्षणांचें मौन, हेंही त्यांच्या उपासनेशीं सहज मिळून जाणारें होतें. रायगडच्या खेड्यापाड्यांत वारकरी मंडळी टाळमृदंगाच्या गजरांत देव गांठतात. क्वेकर त्यास निःशब्दतेंत शोधतात. मार्ग भिन्न असले तरी मध्यस्थावांचून देवाजवळ जाण्याची तळमळ दोघांतही एकच आहे.

तथापि इतिहास लिहितांना गौरवाबरोबर हिशेबही मांडला पाहिजे. नई तालीम देशभर रुजली नाहीं. सरकारी शाळांनीं तिचें बाह्य रूप घेतलें आणि आशय सोडला. सुशिक्षित वर्गानें तिची स्तुति केली, पण आपलीं मुलें मात्र परीक्षा आणि पदव्या यांच्याच शाळेंत ठेवलीं. उलट बाजूनें, ज्यांच्या पूर्वजांवर हातकामाची सक्तीच झाली होती त्या दलित समाजास हें शिक्षण पुन्हां जुन्याच धंद्यांत बांधील अशी भीति वाटली तर त्यांत नवल नव्हतें, डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांस खेडें सोडून शहरांकडे जाण्याचा उपदेश केला होता. ही शंका आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. जें काम सर्वांनीं वांटून घ्यावयाचें तें कांहींजणांनींच करावें आणि इतरांनीं त्याची प्रशंसा करावी, अशी स्थिति राहिली तर ती योजना अन्यायाचीच होते. नई तालीमचा पराभव झाला तो या ठिकाणीं. १९६४ ते १९६६ या काळांतील कोठारी आयोगानें 'कार्यानुभव' हा शब्द आणला आणि मूळ कल्पना वेळापत्रकांतील एक विषय होऊन बसली.

मार्जरीबाईंनीं या अपयशाचा कडवटपणा मनांत धरून काम सोडलें नाहीं. सेवाग्रामनंतर त्या निलगिरींत कोटागिरीस राहिल्या व विनोबांच्या शांतिसेनेच्या कार्यकर्त्यांना शिक्षण देत राहिल्या. १९६४ सालीं जयप्रकाश नारायण, विमलप्रसाद चालिहा व मायकेल स्कॉट यांच्या प्रयत्नानें नागालँडांत शस्त्रसंधि झाला, तेव्हां तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहणाऱ्या शांतिपथकांत साठीस पोंचलेल्या या बाई होत्या. एका बाजूस भारतीय सैन्य व दुसऱ्या बाजूस सशस्त्र नागा, अशा जागीं केवळ विश्वासाच्या बळावर उभें राहण्याचें तें काम होतें. उत्तरायुष्यांत त्या होशंगाबादजवळ रसूलियाच्या क्वेकर ग्रामकेंद्रांत राहिल्या. याच केंद्राच्या सहभागानें १९७२ सालीं खेड्यांतील शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा प्रसिद्ध उपक्रम सुरू झाला होता. भारतांतील क्वेकरांचा इतिहास लिहितांना त्यांनीं त्यास 'विस्मृत शतक' म्हटलें. त्यांत स्वतःच्या पंथाची प्रौढी मिरविण्याची इच्छा दिसत नाहीं. अखेरचीं कांहीं वर्षें त्यांनीं इंग्लंडांत काढलीं, आणि १९९५ सालीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें.

ज्या बाईनें एकाही माणसाचा धर्म बदलला नाहीं, जिच्या शिक्षणपद्धतीचा देशानें स्वीकार केला नाहीं, तिच्या आयुष्याची किंमत कशी करावयाची? आम्हांस वाटतें, तिच्या हातून तयार झालेल्या शिक्षकांकडे पाहून ती करावी. खेड्यांतील मुलाच्या बुद्धीवर आणि हातांवर सारखाच विश्वास ठेवणारा शिक्षक जेथें जेथें उभा राहिला, तेथें तिचें काम चालू राहिलें. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा मध्यंतरीं बंद पडली होती, ती २००५ सालीं पुन्हां सुरू झाली. ज्या घरांत मुलांच्या शिक्षणाची चिंता रोज वाहिली जाते, तेथें एवढा प्रश्न तरी विचारला जावा: आपल्या मुलास जें शिकवितों त्यांत दुसऱ्याच्या श्रमाविषयीं आदर किती आहे? मार्जरीबाईंनीं आपल्या आयुष्यानें तोच प्रश्न विचारला होता, आणि त्याचें उत्तर देण्याचें काम अद्यापि आपल्याकडे शिल्लक आहे.