युनिक्लो आणि ॲनिमे-वस्त्रे

युनिक्लो ही रोजच्या वापराचे तयार कपडे विकणारी जपानी दुकानमालिका असून तिची मालकी फास्ट रिटेलिंग या कंपनीकडे आहे. छातीवर बोधचिन्ह न मिरवणारे, साधे आणि वर्षानुवर्षे फारसे न बदलणारे कपडे ही तिची मुख्य ओळख आहे. तरीही जगभरच्या तरुण ग्राहकांपैकी अनेकांना ती माहीत आहे ती ॲनिमे, म्हणजे जपानी शैलीचे सचेतनपट, आणि मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, यांतील पात्रे छापलेल्या टी-शर्टांमुळे. कंपनीची वाढ या टी-शर्टांमुळे झाली असा समज आढळतो, पण कालक्रम पाहता तो टिकत नाही.

कंपनीचे मूळ जपानच्या यामागुची प्रांतातील उबे या शहरात आहे. तेथे १९४९ मध्ये हितोशी यानाई यांनी ‘ओगोरी शोजी’ या नावाने पुरुषांच्या कपड्यांचे दुकान काढले. त्यांचे पुत्र तादाशी यानाई हे वासेदा विद्यापीठातून पदवी घेऊन आणि एका मोठ्या दुकानमालिकेत थोडा काळ नोकरी करून १९७२ मध्ये घरच्या धंद्यात आले व १९८४ मध्ये त्याचे प्रमुख झाले. त्याच वर्षी २ जून रोजी हिरोशिमात ‘युनिक क्लोदिंग वेअरहाऊस’ हे पहिले दुकान उघडले आणि या लांबलचक नावाचा संक्षेप पुढे रूढ झाला. १९९१ मध्ये मूळ कंपनीने फास्ट रिटेलिंग हे नाव घेतले आणि १९९४ मध्ये तिच्या समभागांची नोंदणी हिरोशिमाच्या शेअर बाजारात झाली.

अमेरिकेतील गॅप या कंपनीने रूढ केलेली जी व्यवसायपद्धती यानाई यांनी उचलली, तिच्यात कपड्याची आखणी दुकानदार स्वतः करतो, शिलाई कराराने बाहेरच्या कारखान्यांकडून करून घेतो आणि विक्री फक्त आपल्याच दुकानांतून करतो. मधला घाऊक व्यापारी त्यामुळे गळतो, मात्र न खपलेल्या मालाचा बोजाही सगळा दुकानदाराच्याच अंगावर येतो. हा बोजा पेलायचा तर थोडेच नमुने फार मोठ्या संख्येने विकावे लागतात, आणि ते विकता येतात हे फ्लीस या लोकरीसारख्या उबदार कृत्रिम कापडाच्या जाकिटाने सिद्ध केले. नोव्हेंबर १९९८ मध्ये टोकियोच्या हाराजुकु भागात दुकान उघडले तेव्हा १,९०० येनांचे हे जाकीट पुढे मांडण्यात आले. त्या वर्षी ते २० लाख, पुढच्या वर्षी ८५ लाख आणि २००० मध्ये २ कोटी ६० लाख इतके खपले. जपानमधल्या प्रत्येक पाच माणसांमागे एक, असे हे प्रमाण पडते. लाट ओसरताच विक्री घसरली. ब्रिटनमध्ये २००१ पासून झपाट्याने उघडलेली दुकाने २१ वर गेली होती, त्यांतली पाचच राहिली. भाजीपाला विकण्याचा यानाई यांचा प्रयोगही दोनेक वर्षांत गुंडाळला गेला.

सावरण्यास हातभार लावला तो कापडानेच. तोरे या तंतू बनवणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने तयार झालेले, अंगातील आर्द्रतेचा उपयोग करून ऊब देणारे ‘हीटटेक’ हे आतून घालायचे कपडे २००३ मध्ये बाजारात आले व पुढे कंपनीच्या उत्पन्नाचा आधार बनले. २०१८ च्या आर्थिक वर्षात परदेशातील युनिक्लोची विक्री जपानमधील विक्रीच्या पुढे गेली आणि २०२४ मध्ये फास्ट रिटेलिंगची एकूण वार्षिक विक्री प्रथमच ३ लाख कोटी येनांपलीकडे पोहोचली. या विस्ताराला वादाचीही किनार आहे : जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी सीमाशुल्क विभागाने चीनच्या शिनजियांगमधील सक्तीच्या मजुरीच्या कापसाचा संशय घेऊन युनिक्लोचे पुरुषांचे शर्ट बंदरात अडवून धरले, कंपनीने हा आरोप नाकारला.

चित्रांकित टी-शर्टांची ‘यूटी’ ही मालिका २००३ मध्ये सुरू झाली. तिला स्वतंत्र रूप आले ते २००७ मध्ये, रचनाकार काशिवा सातो यांच्या आखणीतून हाराजुकुत उघडलेल्या यूटी दुकानामुळे. तेथे टी-शर्ट घडी घालून रचलेले नसत, तर पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्यांत गुंडाळून, शीतपेयाच्या बाटल्यांप्रमाणे फडताळांवर ओळीने मांडलेले असत. यामागील विचार पाहता यूटी ही वस्त्रमालिकेपेक्षा नियतकालिकाच्या अधिक जवळची वाटते : कापड, बेत आणि शिलाई जवळपास तीच राहते आणि छापील मजकूर तेवढा हंगामागणिक बदलतो. साध्या कपड्यांच्या कंपनीला हे जमते, कारण टी-शर्टाचा कोरा पृष्ठभाग तिच्याकडे आधीपासूनच होता. २०१३ मध्ये निगो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्रकाराकडे यूटीची सूत्रे सोपवण्यात आली.

पात्रे छापण्याचा हक्क मात्र विकत घ्यावा लागतो. जपानमध्ये ॲनिमेचा खर्च बहुधा ‘निर्मिती समिती’ उचलते. मांगा छापणारी प्रकाशनसंस्था, दूरचित्रवाणी वाहिनी, ध्वनिमुद्रण कंपनी, खेळणी बनवणारे असे अनेक जण तिच्यात भांडवल घालतात आणि पात्रांच्या वापरापोटी मिळणारे स्वामित्वधन आपसांत वाटून घेतात. कपड्यांचा करार हा त्यांच्या दृष्टीने मिळकत आणि जाहिरात असा दुहेरी लाभ असतो. साप्ताहिक ‘शोनेन जंप’ला पन्नास वर्षे झाली तेव्हा २०१८ मध्ये त्यातील पात्रांची यूटी मालिका निघाली, त्याच वर्षी चित्रकार ताकाशी मुराकामी यांनी आपल्या हसऱ्या फुलांच्या गर्दीत डोरेमॉनला बसवले. ‘डीमन स्लेयर’ या मांगाची यूटी मालिका ऑगस्ट २०२० मध्ये आली, म्हणजे त्या कथेवरचा विक्रमी चित्रपट प्रदर्शित होण्याच्या दोन महिने आधी.

याच कथेने हक्कांची सीमाही दाखवून दिली. नायक तान्जिरोच्या अंगरख्यावरील हिरव्या-काळ्या चौकटींची नक्षी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी शुएइशा या प्रकाशनसंस्थेने अर्ज केला, पण सोंगटीपटासारखी ती नक्षी जपानी कापडावर पूर्वापार चालत आलेली असल्याने २०२१ मध्ये तो फेटाळला गेला. काही दुय्यम पात्रांच्या नक्ष्या तेवढ्या मान्य झाल्या. नियमांचा प्रश्न कंपनीच्या स्वतःच्या अंगणातही उद्भवला. कोणालाही भाग घेता येणाऱ्या यूटी चित्रस्पर्धेचा २०१९ चा विषय पोकेमॉन होता, आणि विजयी ठरलेले चित्र नियमभंगामुळे नंतर बाद करावे लागले.

भारतात एकाच ब्रँडच्या किरकोळ विक्रीत पूर्ण परकी भांडवलाला २०१८ मध्ये सरसकट वाट मिळाली आणि ३० टक्के माल देशातून घेण्याच्या अटीची मोजणी ऑगस्ट २०१९ मध्ये सैल झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत युनिक्लोचे पहिले दुकान उघडले. तिथल्या मांडणीत भारतीय रचनाकार रीना सिंग यांचे कुर्तेही होते. महाराष्ट्रात कंपनी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली : कुर्ल्याचे फिनिक्स मार्केटसिटी व गोरेगावचा ओबेरॉय मॉल या मुंबईतील दोन ठिकाणी. चित्रपट व कॉमिक्समधील पात्रे रीतसर परवान्याने छापणारी द सोल्ड स्टोअर ही मुंबईची कंपनी तोवर दहा वर्षांची झाली होती, त्यामुळे मराठी मुलखातील ग्राहकाला या प्रकारच्या कपड्याची नवलाई उरलेली नव्हती.

पुण्याचा जपानशी संबंध कपड्यांहून जुना आहे. सिंहगड रस्त्यावरील पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, म्हणजेच पु. ल. देशपांडे उद्यान, हे ओकायामातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलेले आहे. ओकायामा प्रांत हिरोशिमाला लागूनच असून त्यातील कोजिमा हा भाग जीन्सच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवली जाते, आणि चाकण-रांजणगाव पट्ट्यातील जपानी कारखान्यांमुळे या शिक्षणाला नोकरीचा आधार मिळाला आहे. परकीय भाषा विभाग आहे तो फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात. त्याच रस्त्यावर महाविद्यालयीन मुले स्वस्त तयार कपडे घेतात, आणि तेथील छापील टी-शर्टांवरचा जपानी मजकूर आवारातल्या विद्यार्थ्याला वाचता येतो, त्याच्या चुकांसकट.