कडीचा आवाज, नाण्याचा आवाज

जमिनीतलं नाणं हुडकणाऱ्या यंत्राचा पूर्वज टेबलावर नाणी पारखत होता. १८७९ साली लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज यांनी ‘इंडक्शन बॅलन्स’ नावाचं उपकरण मांडलं. तारेच्या वेटोळ्यांच्या दोन सारख्या जोड्या, त्यांतून वाहणारा तुटक विद्युतप्रवाह आणि कानाला टेलिफोन. दोन्ही बाजू समतोल असल्या की टेलिफोन गप्प. एका बाजूला धातू आला की कुरकुर. ह्यूज यांनी दोन्ही बाजूंना एकेक शिलिंग ठेवून पाहिला. दोन्ही सारखे असतील तर शांतता; एखादा झिजलेला किंवा खोटा निघाला तर आवाज. डोळ्याला न दिसणारा फरक कानाला कळत होता.

ही पारख अचूक होती, कारण समोरच्या पारड्यात ओळखीचं नाणं होतं. जमिनीवर यंत्र फिरवताना असं दुसरं नाणं कुठेच नसतं. खाली काय आहे ते ठाऊक नसताना एकट्या आवाजावरून नाव ओळखायचं असतं. नाणी शोधणाऱ्यांची आजवरची सगळी डोकेदुखी या एका फरकातून आलेली आहे.

ती पहिल्यांदा भोवली ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात रुतली आणि डॉक्टरांना ती सापडेना. क्ष-किरण तेव्हा माहीत नव्हते. बेल यांनी ह्यूज यांचं तत्त्व घेऊन घाईघाईने यंत्र बांधलं आणि २६ जुलै व १ ऑगस्ट असं दोनदा अध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं. दुसऱ्या खेपेला आवाज आला खरा, पण एका जागी नाही, मोठ्या पट्ट्यावर मंद मंद. नंतर कळलं की घोड्याच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती. शिवाय मुख्य डॉक्टरांचा कौल उजव्या बाजूला होता, म्हणून शोध तिथेच झाला. गोळी डावीकडे होती. गारफील्ड १९ सप्टेंबरला गेले. यंत्राने ऐकायचं काम चोख केलं होतं. हवा तो धातू आणि नको तो धातू यांतला भेद मात्र त्याला येत नव्हता.

पुढची पन्नास वर्षं या यंत्राच्या कुळात फारसं काही घडलं नाही. मग गेरहार्ड फिशर हे जर्मनीतून आलेले अभियंते कॅलिफोर्नियात रेडिओच्या दिशाशोधकांवर काम करत असताना त्यांना दिसलं, की आसपास धातू किंवा धातुयुक्त खडक असला की दिशा चुकते. त्या चुकीचंच त्यांनी यंत्र केलं. पेटंट १९३७ साली मिळालं. युद्धकाळात स्कॉटलंडमध्ये असलेले पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी सैनिकाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. १९४२च्या ऑक्टोबरात एल अलामीनच्या लढाईत असे ५०० शोधक वाळवंटात उतरले. कोसात्स्कींनी पेटंट घेतलं नाही. ब्रिटनच्या राजाचं आभारपत्र तेवढं त्यांना आलं. किती जणांचे पाय आणि प्राण त्या यंत्राने वाचवले असतील याचा विचार केला, की त्यांचं नाव इतक्या कमी लोकांना ठाऊक असावं याचं वाईट वाटतं.

सुरुंग शोधणाऱ्याला निवड नको असते. खिळा असो की डबा, प्रत्येक आवाज जीवघेणा मानायचा. युद्ध संपल्यावर लष्कराची शिल्लक यंत्रं अमेरिकेत स्वस्तात विकली गेली आणि हौशी लोकांच्या हाती आली, ती हाच स्वभाव घेऊन.

हौशीला खरा जोर आला तो १९६५ नंतर. १९६४पर्यंतच्या अमेरिकी डाइम आणि क्वार्टर नाण्यांत ९० टक्के चांदी होती. १९६५च्या कायद्याने ती काढून टाकली. लोकांनी चांदीची नाणी वेचून घरी ठेवायला सुरुवात केली, आणि पूर्वी कुणाच्या खिशातून बागेत, जत्रेच्या मैदानात, चर्चच्या हिरवळीवर पडलेल्या नाण्यांना अचानक मोल आलं.

नेमक्या त्याच वर्षांत त्याच हिरवळीवर दुसरी एक वस्तू पडायला लागली. ओहायोतल्या डेटन गावचे अर्मल फ्रेझ १९५९ साली सहलीला गेले असता ओपनर घरी राहिला आणि कॅन गाडीच्या बंपरवर फोडावा लागला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यातून त्यांनी ओढून काढायची पट्टी असलेलं झाकण बनवलं. १९६२ साली पिट्सबर्गच्या आयर्न सिटी बिअरच्या कॅनवर ते आलं. पट्टीची पुढे बोट अडकवायची कडी झाली. कॅन उघडला की कडी आणि तिला चिकटलेली ॲल्युमिनियमची जीभ हातात यायची, आणि बहुतेक लोक ती तिथेच टाकायचे. किनाऱ्यांवर लोकांचे तळवे कापले, जनावरांनी कड्या गिळल्या. ओरेगॉन राज्याने १९७१च्या कायद्याने सुट्या होणाऱ्या कड्यांवर बंदीच घातली. १९७५ साली रेनॉल्ड्स कंपनीच्या डॅनिएल कुडझिक यांची झाकणालाच चिकटून राहणारी पट्टी बाजारात आली. आज आपण कोल्ड्रिंकचा कॅन उघडतो ती तिचीच वंशज. सुट्या कडीचं राज्य जेमतेम दीड दशकाचं, पण ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजून मातीत मिळत नाही. त्या काळातल्या कड्या आजही अमेरिकेच्या बागांत तशाच पडून आहेत.

ही कडी डिटेक्टरला अगदी निकेलसारखी ऐकू येते. निकेल म्हणजे अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, १८६६पासून बहुतेक काळ ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल. डिटेक्टरची कॉइल सेकंदाला हजारो वेळा पालटणारं चुंबकी क्षेत्र जमिनीत सोडते. त्याने खालच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद थोडा मागाहून परत येतो. धातू जितका चांगला वाहक, आकार जितका मोठा आणि जाडी जितकी जास्त, तितका हा उशीर मोठा. यंत्र तो उशीर मोजतं आणि त्याचा एक आकडा किंवा एक सूर करून देतं. तीन गुणांचा मिळून एकच आकडा, गोंधळ होतो तो इथे. तांबं-निकेलचा मिश्रधातू वाहक म्हणून सुमार, पण नाणं जाडजूड. ॲल्युमिनियम उत्तम वाहक, पण कडी पातळ आणि लहान. दोघांची बेरीज एकाच ठिकाणी येते. सोन्याच्या कितीतरी अंगठ्याही त्याच पट्ट्यात बसतात.

१९७०च्या दशकात कंपन्यांनी डिस्क्रिमिनेशनची सोय दिली: एक बटण फिरवायचं, ठरावीक आकड्याखालचं सगळं गप्प. लोकांना हायसं वाटलं. खिळे गेले, चांदीचे कागद गेले, कड्या गेल्या. सोबत निकेलही गेले आणि अंगठ्याही. तरीही हा सौदा अनेकांनी आनंदाने केला, कारण चांदीचा सूर खूप वरचा असतो आणि तो अडत नव्हता. परिणाम असा, की ज्या बागांतून चांदी केव्हाच उपसली गेली, तिथे १९१३ ते १९३८ या काळातले रेडइंडियन आणि गव्याचं चित्र असलेले निकेल अजून सापडतात. शेकडो लोक त्यांच्यावरून यंत्र फिरवून गेले. यंत्राला त्यांनीच गप्प बसवलं होतं.

लोखंडाची फसवणूक वेगळ्या जातीची. बाटलीचं पोलादी बूच चपटं आणि गोल, आणि त्याचं चुंबकत्व आकड्याला भलतीकडे ओढतं, म्हणून त्याचा सूर कधी कधी थेट चांदीच्या नाण्यासारखा येतो. वाकलेला गंजका खिळाही टोकाशी उंच सुरात चिवचिवतो. उलट नाण्याशेजारी खिळा असला तर तो नाण्यालाच झाकून टाकतो. यावर जाणत्यांच्या काही रीती आहेत. सिग्नल मिळाला की नव्वद अंशांत वळून पुन्हा कॉइल फिरवायची: नाणं दोन्ही दिशांनी बहुधा सारखं बोलतं, खिळा बदलतो. कॉइल उचलून पाहायची: वीतभर वर नेली तरी आवाज जोरातच असेल तर खाली अख्खा कॅन असण्याचा संभव मोठा. कचरा दाट असेल तिथे लहान कॉइल लावायची, म्हणजे एका वेळी एकच वस्तू तिच्याखाली येते. निकेलचा आकडा पुन्हा पुन्हा एका जागी येतो, वाकडी कडी एक-दोन घरं हलते. यातली एकही रीत हमीची नाही. म्हणून या छंदात मुरलेली माणसं सराफकट्ट्यावरच्या झारेकऱ्याच्या वळणावर जातात: मातीचा कण न् कण धुवायचा, निवड हाती आल्यावर. प्रत्येक सिग्नल खणायचा, कडी निघाली तर खिशात घालायची, खड्डा बुजवायचा. मला हीच वाट प्रामाणिक वाटते.

खणायचं कुठे, हा प्रश्न मात्र देशागणिक बदलतो. भारतात १८७८चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक. हा कायदा जुनाट म्हणून हसण्यावारी नेणारे भेटतात. त्यांना नाशिकजवळच्या जोगळटेंभीची आठवण द्यावीशी वाटते. १९०६ साली तिथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली आणि त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याला जिंकल्याचा एवढा ठळक पुरावा नाणी एका जागी, एकत्र अभ्यासली गेली म्हणून हाती आला.

नाण्याला जशी जागा असते तशी कचऱ्यालाही असते, हे उशिरा उमगलं, कारण पुरातत्त्वज्ञ बराच काळ डिटेक्टरकडे संशयाने पाहत राहिले. माँटाना राज्यात लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १८७६च्या जूनमध्ये लकोटा आणि शायेन या मूळ रहिवाशांनी अमेरिकी लष्करातल्या कस्टर या अधिकाऱ्याच्या तुकडीचा पाडाव केला होता. १९८३ साली तिथलं गवत वणव्यात जळून जमीन उघडी पडली, आणि १९८४पासून डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स आणि त्यांचे सहकारी हौशी डिटेक्टरवाल्यांना बरोबर घेऊन त्या माळावर ओळीने चालले. तिथे काही वगळायचं नव्हतं. प्रत्येक आवाजावर छोटं निशाण रोवलं गेलं, मग वस्तू उकरून तिची जागा नोंदवली गेली. निघालं ते बहुतेक रिकामी काडतुसं आणि शिशाच्या गोळ्या, म्हणजे नाणी शोधणारा ज्यांना कंटाळतो तेच. प्रत्येक काडतुसाच्या बुडाला बंदुकीच्या खिळीचा ठसा असतो आणि तो बंदुकीगणिक वेगळा. सारख्या ठशांची काडतुसं नकाशावर जोडत गेल्यावर एकेक बंदूक त्या दुपारी कुठून कुठे सरकली ते दिसू लागलं, आणि लकोटा व शायेन लढवय्यांकडे हेन्री आणि विंचेस्टरच्या एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफली भरपूर होत्या, हेही.